निर्णय मुंबईत, काठी गावात



जिल्हा बैठकीत कापसाच्या भावाचा, विजेच्या बिलाचा, पीकविम्याचा विषय निघाला की बोलणाऱ्यांची रांग लागते. पोलिसांचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. कुणी म्हणतो, तो आपला प्रश्न नाही. कुणी म्हणतो, ठाणेदाराशी वाकडे घेऊन तालुक्यात राहायचे कसे? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण त्या यादीत पोलीस ठाण्याची पायरीही घालून टाकली आहे.

तरीही या वेळचे अग्रलेखाचे पान आम्ही याच विषयाला देत आहोत. सरकारचा निर्णय शेतकऱ्याच्या दारात येतो तेव्हा तो शेवटी कुणाच्या तरी हातून येतो. तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, वीज मंडळाचा माणूस येतो. शेतकरी 'का?' असे विचारू लागला की मग पोलीस येतो. निर्णय घेणारा मुंबईत किंवा दिल्लीत बसलेला असतो. त्याची नि आपली गाठ कधी पडत नाही. आपली गाठ पडते ती खाकी कपड्यातल्या माणसाशी, आणि बहुतेक वेळा तोही कुणा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा असतो. दोन शेतकऱ्यांची पोरे रस्त्यावर समोरासमोर उभी राहतात आणि ज्याने हे घडवले तो तिसराच कुठेतरी असतो.

ही व्यवस्था नीट समजून घेतली पाहिजे.

कापसाची गाडी गुन्हेगार कशी झाली?

सुरुवात आपल्याच कापसापासून करू. १९७१ साली महाराष्ट्रात कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. योजना शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून आली. व्यापाऱ्याच्या काट्यापासून सुटका होईल या आशेने अनेकांनी तिचे स्वागत केले आणि काही वर्षे तिने आधारही दिला. पण 'बाबा रे, तुझा माल एकट्या सरकारलाच विकायला तू तयार आहेस का?' हा साधा प्रश्न कापूस पिकवणाऱ्याला कुणी विचारला नाही.

पलीकडच्या राज्यात भाव चढा निघाला तेव्हा या न विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ समजला. स्वतःच्या रानातला कापूस स्वतःच्या गाडीत भरून शेजारच्या राज्यातल्या बाजारात नेणे हा गुन्हा ठरला. सीमेवर नाके बसले. ज्याने कधी सरकी पेरली नाही, वेचणीची मजुरी दिली नाही, चुकाऱ्याची महिनोन्‌महिने वाट पाहिली नाही, तो नाक्यावर उभा राहून कापसाच्या धन्यालाच चोर म्हणू लागला. १९८६ साली कापसाच्या भावासाठी आंदोलन पेटले. तेव्हाच्या परभणी आणि आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सुरेगावला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शेतकरी मारले गेले.

पुढे २००२ च्या सुमारास सरकारनेच खाजगी खरेदीला मुभा दिली आणि एकाधिकार गेला. आज आपण कापूस कुणालाही विकतो. गुजरातचा व्यापारी गावात येऊन माल भरतो आणि नाक्यावर कुणी हटकत नाही. कापूस तोच, रस्ता तोच, शेतकरीही तोच आहे. बदलला तो सरकारचा निर्णय. मग त्या काळी ज्यांच्या गाड्या अडवल्या, ज्यांच्यावर खटले भरले, त्यांनी कोणते पाप केले होते? सरकारने आपला निर्णय चुकल्याचे पुढे कृतीने कबूल केले. पण त्या निर्णयापायी खाल्लेल्या काठ्यांचा हिशोब कुणी दिला नाही.

निवेदनाला काठीचे उत्तर

हे एकाच योजनेचे किंवा एकाच पक्षाच्या सरकारचे दुखणे असते तर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. पक्ष बदलले, मंत्री बदलले, राज्येही बदलली. रीत तीच राहिली.

२३ नोव्हेंबर १९९४. नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. विदर्भातल्या गावोगावी दुसऱ्यांची गुरे राखणारा गोवारी समाज आपले निवेदन घेऊन मोर्चाने आला होता. आपली गणना अनुसूचित जमातीत व्हावी एवढीच त्यांची मागणी. निवेदन घ्यायला सरकारतर्फे कुणी पुढे आले नाही. गर्दी खोळंबली, पोलिसांची काठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बाया आणि लेकरेच जास्त होती. मागणी बरोबर होती की नाही यावर पुढे न्यायालयांतही एकमत झाले नाही. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, तर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ज्या प्रश्नाचा निकाल लावायला देशाच्या न्यायालयांना २६ वर्षे लागली, त्याचे उत्तर त्या संध्याकाळी काठीने काही मिनिटांत देऊन टाकले होते.

९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या निर्णयाविरुद्ध मावळचे शेतकरी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. शहराला पाणी लागते हे मावळच्या शेतकऱ्यालाही समजते. 'नदीतून वाहणारे पाणी नळीत गेले की आमच्या शेताचे काय?' एवढाच त्याचा सवाल होता. तो सवाल निर्णयाच्या आधी ऐकून घेतला गेला असता तर रस्त्यावर येण्याची वेळ आली नसती. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यांत एक बाई होती.

६ जून २०१७. आपल्याकडे १ जूनला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला होता आणि शेजारच्या मध्य प्रदेशातही भावासाठी आंदोलन चालू होते. मंदसौर जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीने पाच शेतकरी मेले. पोलिसांनी गोळ्या चालवल्याच नाहीत असे सरकार आधी सांगत राहिले. दोन दिवसांनी गृहमंत्र्यांनी त्या पोलिसांच्याच असल्याचे मान्य केले.

ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून लांब आहेत आणि मागण्याही वेगवेगळ्या आहेत. तरी क्रम एकच दिसतो. आधी वर निर्णय होतो किंवा व्हायचा तो टाळला जातो. ज्याचे जगणे त्यावर अवलंबून आहे त्याला विचारले जात नाही. तो विचारायला येतो तेव्हा राज्यकर्ता समोर येत नाही, पोलिसाला पुढे करतो. विचारून, पटवून घेतलेला निर्णय अमलात आणायला बंदोबस्त लागत नाही. ज्या निर्णयाला पोलिसांच्या गाड्या लागतात तो निर्णय घेताना कुणाला तरी विचारायचे राहून गेले आहे असे खुशाल समजावे.

२०२० च्या जूनमध्ये दिल्लीने शेतीमालाच्या बाजाराबद्दल तीन वटहुकूम काढले आणि सप्टेंबरात त्यांचे कायदे केले. ते कायदे चांगले होते की वाईट यावर शेतकऱ्यांतच दोन मते होती आणि आजही आहेत. बाजार मोकळा व्हावा असे म्हणणाराही एक गोष्ट नाकारू शकत नाही. कोट्यवधी शेतकऱ्यांच्या व्यवहाराचा कायदा वटहुकमाने आणला गेला, राज्यसभेत मतमोजणीची मागणी डावलून आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि मग दिल्लीच्या वेशीवर रस्त्यात खिळे ठोकायची पाळी आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घेतले गेले. ज्यांना ते हवे होते त्यांचेही नुकसान झाले आणि ज्यांना नको होते त्यांनीही वर्षभर थंडी-वारा सोसला. न विचारण्याची किंमत दोघांनीही मोजली.

आणि आपण ठाण्यात जातो तेव्हा?

आंदोलन वर्षातून एखाद्या वेळी होते. विहिरीवरची मोटार मात्र कोणत्याही रात्री चोरीला जाते. स्टार्टर जातो, केबल जाते, घरात रचलेला कापूस जातो. उगवण न झालेले बोगस बियाणे गळ्यात मारले जाते. व्यापारी कापूस भरून नेतो आणि चुकारा बुडवून पसार होतो. तेव्हा शेतकरी ठाण्यात गेला की काय ऐकतो? 'अर्ज देऊन जा, पाहू.' 'बियाण्याचे असेल तर कृषी अधिकाऱ्याकडे जा.' 'पैशाचा मामला दिवाणी आहे, कोर्टात जा.' फारच आग्रह धरला तर अदखलपात्र नोंदीचा एक कागद हातात पडतो आणि प्रकरण तिथेच संपते.

रस्ता अडवणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला पोलिसाला अर्धा तास लागत नाही आणि मोटार चोरणाऱ्यापर्यंत तो वर्षभर पोहोचत नाही. यात पोलिसाच्या धावण्याचा दोष नाही. त्याला कोणत्या कामाचा जाब विचारला जातो हा प्रश्न आहे. रस्ता तासभर बंद राहिला तर वरून फोन येतो. दहा मोटारी चोरीला गेल्या तर कुणाचाच फोन येत नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने बराच बोलतो. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितले की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की पोलिसाने गुन्हा नोंदवलाच पाहिजे. व्यापारी व्यवहारासारख्या मोजक्या बाबतीत थोडी प्राथमिक चौकशी चालेल, पण तीही मुदतीत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. 'ही आमची हद्द नाही' हे उत्तर आता चालत नाही. नोंदीची प्रत फुकट मिळते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने आधी चौकशी करता येते, पण तिला १४ दिवसांची मर्यादा आहे. ठाणेदाराने नकार दिला तर पोलीस अधीक्षकाकडे लेखी तक्रार आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज, असा रस्ता कायद्यानेच घालून दिला आहे. तोंडी विनवणी ठाण्यातच विरून जाते. पोच घेतलेला कागद तसा विरत नाही.

पोलिसाचा धनी कोण?

आता मुळाशी जाऊ. १८५७ चे बंड मोडून काढल्यावर इंग्रजांनी १८६१ साली पोलीस कायदा केला. रयतेला धाकात ठेवणारे आणि सरकारचा हुकूम मानणारे दल त्यांना हवे होते, ते त्यांनी उभे केले. स्वातंत्र्य आले तरी साचा फारसा बदलला नाही. महाराष्ट्रात आज चालतो तो १९५१ चा कायदा. आधी तो मुंबई पोलीस कायदा होता, आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. पोलीस दलावरची देखरेख राज्य सरकारकडे राहील असे त्याचे चौथे कलम सांगते.

लोकांनी निवडून दिलेल्या सरकारकडे देखरेख असावी यात वावगे काही नाही. पण देखरेख म्हणजे काय? धोरण ठरवणे, पैसा देणे, कामाचा हिशोब मागणे ही देखरेख झाली. अमक्याला उचला, तमक्याचा गुन्हा नोंदवू नका, हा ठाणेदार आपल्या गटाचा नाही म्हणून त्याला हलवा, ही देखरेख नव्हे, ही मालकी झाली. ज्याच्या हातात बदलीचा कागद असतो तो पोलिसाचा खरा धनी असतो. सहा-आठ महिन्यांत उचलबांगडी होईल अशी धास्ती असलेला अधिकारी कायद्याचे पुस्तक उघडण्याआधी आमदाराचा चेहरा पाहतो. माणूस म्हणून त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याच्या जागी आपला पोरगा असता तर त्यानेही बहुधा तेच केले असते.

हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. आणीबाणी उठल्यावर १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले. ते कपाटात गेले. १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जन्मभर खाकी घातलेला माणूसच म्हणू लागला की पोलिसाला पुढाऱ्याच्या दावणीतून सोडवा. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने सात आदेश दिले. प्रत्येक राज्यात सुरक्षा आयोग नेमा आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक ठेवा. जिल्ह्याचा अधीक्षक आणि ठाणेदार यांना निदान दोन वर्षे हलवू नका. तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करा. बदल्यांसाठी मंडळ नेमा. आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला राज्याच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणे स्थापन करा.

महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती केली. आता बारकावे पाहा. अधिकाऱ्याला दोन वर्षांची मुदत मिळाली, पण अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी आणि प्रशासकीय निकडीने मुदतीआधी बदली करता येईल अशी पोटकलमाची खिडकीही ठेवली गेली. लोकहित कशात आहे हे बदली करणाराच ठरवणार! न्यायालयाने तक्रार प्राधिकरण जिल्ह्याला सांगितले होते. कायद्यात ते महसूल विभागाला आले. यवतमाळ किंवा बुलढाण्याच्या शेतकऱ्याला पोलिसाची तक्रार करायची तर विभागाचे ठिकाण अमरावती आणि हिंगोली-नांदेडच्या शेतकऱ्याला संभाजीनगर. एका दिवसाची मजुरी बुडवून, बसचे भाडे भरून तो किती वेळा जाईल? दाद मागण्याची जागा जितकी लांब तितकी दाद मागणारी माणसे कमी, हे साधे गणित आहे.

गावाला विचारणार कधी?

पोलिसांच्या कारभारात लोकांचा सहभाग असावा असे सरकारही भाषणात म्हणते. प्रत्यक्षात सहभाग कसा असतो ते आपण रोज पाहतो. सणासुदीच्या आधी शांतता समितीची बैठक होते. समितीवर कोण असावे हे ठाणे ठरवते. चहा होतो, फोटो निघतो. गावचा पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली महसूल अधिकारी नेमतात. ग्रामसभेला त्याबद्दल मत विचारले जात नाही. महिन्यात किती चोऱ्यांचा तपास लागला, किती अर्ज पडून आहेत, हे गावाला सांगण्याची रीत नाही.

उलट बाजूला जमावबंदी मात्र न चुकता लागते. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे ३७ वे कलम आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. पंधरा दिवसांचा आदेश निघतो, तो संपला की पुढचा निघतो. पाच माणसे एकत्र जमली की कायदा मोडला! १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या इंटरनेट बंदीबद्दलच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४४ कलमाच्या संदर्भात सांगितले की, असे आदेश जाहीर केले पाहिजेत, त्यांची कारणे दिली पाहिजेत आणि मते मांडणे किंवा गाऱ्हाणे सांगणे दडपण्यासाठी ते वापरता येणार नाहीत. पुन्हा पुन्हा तेच आदेश काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. तत्त्व काश्मीरच्या खटल्यात सांगितले म्हणून ते विदर्भ-मराठवाड्याला लागू नाही असे कुणी म्हणू नये.

मंत्र्याचा दौरा ठरला की आदल्या रात्री कार्यकर्त्यांना उचलायचे आणि मंत्र्याची गाडी गेली की सोडायचे, ही रीतही सर्वपक्षीय झाली आहे. कायद्याने आगाऊ अटक करायला समोरचा माणूस दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात असावा लागतो. कापसाच्या भावाचे निवेदन देणे हा कोणत्या पुस्तकात दखलपात्र गुन्हा आहे?

लोकांना विचारले की काय होते याचेही एक उदाहरण आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ साली आले. त्यावर ओरड झाली, विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, लोकांकडून १२ हजारांवर सूचना-हरकती आल्या आणि काही तरतुदी बदलूनच ते जुलै २०२५ मध्ये मंजूर झाले. बदल पुरेसे होते की नाही हा वादाचा विषय आहे आणि विरोध करणाऱ्यांच्या शंका अजून फिटलेल्या नाहीत. पण विचारले म्हणून काही तरी बदलले, हे खरे. आता आपल्याला विचारायचे आहे ते असे: त्या १२ हजार कागदांत कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या गावांचे कागद किती असतील? हरकतीची मुदत निघून गेल्यावर मोर्चा काढण्याची सवय आपल्यालाही सोडावी लागेल.

मग काठी कुणाच्या हाती?

एक शंका बैठकीत हमखास निघेल. पुढाऱ्याच्या हातून काठी काढली तर ती कुणाच्या हातात द्यायची? पोलिसांनाच मोकळे सोडायचे काय? की गावानेच ठरवायचे कुणाला पकडायचे ते?

दोन्ही नको. ज्याला कुणी जाब विचारत नाही तो पोलीस पुढाऱ्याच्या पोलिसापेक्षाही वाईट. आणि कुणाला अटक करावी हे गावच्या बहुमताने ठरू लागले तर पहिली काठी कुणाच्या पाठीत बसेल हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. ती पारध्याच्या पालावर पडेल, दलित वस्तीत पडेल, एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात पडेल. चोरी झाली की आधी पारध्याचे पोर धरायचे ही खोड पोलिसांची आहे तशी गावाचीही आहे. म्हणून कुणाला पकडायचे हे कायद्यानेच ठरावे आणि तो कायदा सगळ्यांना सारखा लागावा. गावाचा हक्क आहे तो हिशोब मागण्याचा. काय केले, का केले, का केले नाही, हे विचारण्याचा.

शिस्तीची एक बाजू आपलीही आहे. आंदोलनात एक दगड सुटला की हजार शांत माणसांवर काठी चालवायला निमित्त मिळते आणि शासकीय कामात अडथळ्याचे कलम पोरांच्या कपाळी बसते. ते पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आडवे येते. बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई पहाटेपासून उपाशी असतो, त्याला पाणी विचारावे. आपले भांडण त्याच्याशी नाही.

बैठकीपुढचे काम

या जिल्हा बैठकीत चार ठराव मांडावेत अशी आमची सूचना आहे. पहिला, पोलीस तक्रार प्राधिकरण न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात असावे. दुसरा, मुदतीआधी बदली झाली तर तिचे कारण लेखी आणि जाहीर असावे. तिसरा, ठाणेदाराने वर्षातून दोनदा ग्रामसभांपुढे येऊन आलेले अर्ज, नोंदवलेले गुन्हे आणि लागलेले तपास यांचा आकडा वाचून दाखवावा. चौथा, शेती, पाणी आणि जमीन यांबद्दलचा कोणताही निर्णय बंदोबस्त लावून अमलात आणण्याआधी ज्यांच्यावर तो लादला जाणार आहे त्यांची सुनावणी त्यांच्याच तालुक्यात व्हावी. खाजगी प्रकल्पासाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागेल असे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सांगितले आहे. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र ती लागत नाही. जे भांडवलदाराला बंधनकारक आहे ते सरकारला का नको?

ठराव कागदावर राहतात हे आम्हाला माहीत आहे. म्हणून एक काम तालुक्यातालुक्यात करायचे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न दोनच विचारा. गेल्या पाच वर्षांत आपल्या ठाण्याला किती ठाणेदार आले आणि प्रत्येक जण किती दिवस टिकला? आणि मोटार, केबल, जनावरे व शेतमालाच्या चोरीचे किती अर्ज आले, त्यांतले किती गुन्हे म्हणून नोंदले गेले?

उत्तरे मिळाली की ती घेऊन पुढच्या बैठकीला या. ज्यांच्याकडे गुन्हा नोंदवायला नकार मिळाल्याचा लेखी पुरावा असेल त्यांनी तोही आणावा. सगळ्या तालुक्यांचे आकडे एका फळ्यावर लिहू आणि मग पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि आपण निवडून दिलेले आमदार या तिघांना त्या फळ्यासमोर बसवून हिशोब मागू. त्या दिवशी घोषणा कमी दिल्या तरी चालतील. आकडे मात्र पाठ हवेत.